बीपीची गोळी चालू आहे आणि चक्कर येते: गोळी वाढवायची की बंद करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहून गेलं असेल तर कळेल.

तुमचे आप्पा ६७ वर्षांचे. तासगावकडे द्राक्षबाग आहे आणि ते अजून रोज बागेत जातात. बीपी १२ वर्षांपासून, शुगर ८ वर्षांपासून. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली एक गोळी सकाळी चालू आहे. महिन्यापूर्वी त्यात अ‍ॅमलोडिपीन ५ मिलिग्रॅमची भर पडली. त्याच सुमारास दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन रात्री सुरू केलं. तेव्हापासून पहाटे लघवीला उठताना आणि बागेत खाली बसून काम केल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा मांडवाचा खांब धरला म्हणून पडले नाहीत. घरच्या मशीनवर सकाळी ११८/७० दिसतं आणि चक्कर आल्यावर घरी आणून मोजलं की १५६/९०. मेडिकलवाला म्हणतो बीपी वाढल्यामुळे चक्कर येते, अर्धी गोळी जास्त द्या. आत्या म्हणतात गोळ्यांनीच होतंय, सगळ्या बंद करा. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू, की मशीनच बिघडलंय? आणि गोळी सकाळी घ्यायची की रात्री?

सध्या कुणाचंच ऐकू नका. आत्यांचा अंदाज मेडिकलवाल्यापेक्षा जवळचा आहे, पण त्यांचा उपाय जास्त धोक्याचा आहे.

तुमच्या वहीत एक आकडा नाही आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. आप्पा उठून उभे राहतात, त्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत त्यांचं बीपी किती असतं? १५६/९० हा चक्कर येतानाचा आकडा नाही. बागेत काय होत असेल ते बघा. आप्पांना अंधारी आली, खांब धरला, शेजारच्या ओळीतल्या बाईनं हाक मारली, तुम्ही धावत गेलात, हाताला धरून घरी आणलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं, मग कपाटातून मशीन काढलं. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तोवर उतरलेलं बीपी शरीरानं पुन्हा वर ओढलेलं असतं. माणूस घाबरलेला, भोवती घरचे जमलेले, प्रत्येक जण काहीतरी विचारतोय आणि आप्पा उत्तरं देतायत, तेही पट्टा फुगत असताना. अशा वेळी १५६ आलं नसतं तर मला नवल वाटलं असतं. आता या १५६ वर अर्धी गोळी जास्त दिली की दुसऱ्या दिवशी उठताना बीपी आणखी खाली जाणार, चक्कर जास्त येणार, घरी आणून मोजलं की पुन्हा जास्त दिसणार. या चक्रात सापडलेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. चार प्रकारच्या गोळ्या चालू असतात आणि भिंत धरून चालत असतात.

बीपी वाढलं की चक्कर येते हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. १५०-१६० बीपीनं बहुतेकांना काहीच होत नाही, आणि या रोगाची खरी अडचण तीच आहे. गावात शिबिरात ज्याचं १७० निघतं तो ‘मला तर काही त्रास नाही’ म्हणून निघून जातो. गोळ्या चालू असलेल्या वयस्क माणसाला उठताना चक्कर आली, तर माझा पहिला संशय बीपी उतरल्याचा असतो. तो खोटाही ठरू शकतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. विहिरीवरच्या मोटारीला वरच्या टप्प्यातल्या रानात पाणी चढवताना जोर लागतो, तसंच हृदयाला डोक्यापर्यंत रक्त पोचवताना त्या क्षणी जास्त काम पडतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांमधले मज्जातंतू ही घट ओळखतात, नाडी वाढवतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. तरुण माणसात हे इतकं झटपट होतं की त्याला पत्ताही लागत नाही. वय वाढलं की ही यंत्रणा मंदावते. बरीच वर्षं शुगर असेल तर ते मज्जातंतूच कमजोर झालेले असू शकतात. त्यातून आप्पांच्या तीन औषधांकडे बघा. लघवीचं औषध शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करतं. अ‍ॅमलोडिपीन रक्तवाहिन्या सैल करतं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करण्यासाठी असतं, पण रक्तवाहिन्यांवरही त्याचा थोडा परिणाम होतो. एकेकटं बघितलं तर यातलं कुठलंच औषध चुकीचं नाही. पण दोन नव्या गोळ्या एकाच महिन्यात सुरू झाल्या, त्याही दोन वेगळ्या डॉक्टरांकडून, आणि बहुधा एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिलेला नाही.

तेव्हा घरी एक मोजणी करा. शेजारी धरायला माणूस असल्याशिवाय मात्र करू नका.

पहाटे आप्पा उठायच्या आधी, अंथरुणातच दंडाला पट्टा बांधा. पाच मिनिटं उताणं, शांत पडू द्या. बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. मग पट्टा न सोडता त्यांना उभं करा. एका मिनिटानं मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना हात खाली लोंबकळू देऊ नका. छातीच्या उंचीवर कपाटाच्या फळीवर किंवा तुमच्या खांद्यावर टेकवा. पट्टा हृदयाच्या पातळीखाली दर १ सेंटिमीटर गेला की आकडा पाऊण अंकानं वाढतो. हात वीतभर खाली राहिला तर पंधराएक अंकांची घट झाकली जाते आणि तुम्ही म्हणाल, छे, काहीच उतरत नाही. मोजताना अंधारी आली तर लगेच झोपवा, आकडा गेला तरी चालेल. अंधारी आली हेसुद्धा उत्तरच आहे, तसं लिहून ठेवा. हीच मोजणी गोळी घेतल्यावर तीन-चार तासांनी आणि एकदा दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं करा, कारण भरपेट जेवणानंतर काही वयस्कांचं बीपी चांगलंच उतरतं. असं दोन-तीन दिवस केलंत तरी पुरे.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० नं उतरला, तर उभं राहिल्यामुळे बीपी पडतंय असं आम्ही धरतो. नाडी लिहायला सांगितली त्यालाही कारण आहे. बीपी उतरलं आणि नाडी चांगली पंधरा-वीसनं वाढली, तर शरीरातलं पाणी कमी पडत असण्याची शक्यता जास्त. बीपी उतरलं पण नाडी जागची हलली नाही, तर शुगरनं मज्जातंतूंवर केलेला परिणाम, किंवा नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी, यांचा विचार करावा लागतो. हे अंदाज आहेत, निदान डॉक्टरांनी करायचं. पण हे सहा आकडे कागदावर असले तर तुमच्या डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

ही मोजणी किती काही सांगून जाते ते ओपीडीत डोळ्यांनी दिसतं. परवा एक मावशी आल्या होत्या, ‘बीपी कंट्रोलमध्ये येत नाही’ म्हणून. बसून १४४/८४. त्यांच्या सुनेनं वही दाखवली, सगळे आकडे असेच, सगळे बसून घेतलेले. मी त्यांना उभं केलं. मिनिटभरात मशीनवर १०८ आलं आणि मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. म्हणाल्या, ‘हेच, हेच हुतंय बघा सकाळी चुलीपाशनं उठताना.’ सुनेच्या वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. चुलीपाशी कुणी मोजलं नव्हतं, इतकंच.

आता आत्यांच्या म्हणण्याकडे येतो. गोळ्या चालू राहिल्या तर पडतील ही त्यांची भीती खरी आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. पण सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, बीपी गुपचूप जुन्या जागी जातं. आप्पांना उलट बरं वाटेल, चक्कर थांबेल, आणि घरात सगळे म्हणतील बघा, गोळ्याच वाईट होत्या. पक्षाघाताचा धोका त्या बऱ्या वाटण्यात कळत नाही. शिवाय मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडीन अशा गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी आणि नाडी उसळी मारतात, छातीत दुखू शकतं. आप्पांच्या यादीत त्या नाहीत, पण हे वाचून दुसऱ्या कुणी आपल्या घरी प्रयोग करू नये म्हणून लिहिलं. ‘वय झालं की बीपी एवढं असायचंच’ हेही खरं नाही. ८० वर्षांपुढच्या लोकांवर झालेली हायव्हेट नावाची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उपचार घेणाऱ्यांमधले मृत्यू आणि हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. पण त्यात गाठायचं लक्ष्य १५०/८० एवढंच ठेवलं होतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उपचार द्यायचाच, पण आकड्याच्या मागे धावून त्याला पाडायचं नाही.

तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते सांगतो. माझा क्रम म्हणजे आदेश नव्हे. मी आप्पांना तपासलेलं नाही. त्यांची किडनी कशी आहे, पायांना सूज आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, मला माहीत नाही, आणि यावर सगळं बदलू शकतं.

सर्वांत आधी मी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला सांगितलं असतं. चिठ्ठी नको, औषधंच. आयुर्वेदिक काढा, गुडघ्याची गोळी, झोपेची गोळी, सगळं. आपल्याकडे नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे एकच औषध दोन नावांनी चालू असणं. २०१७ साली सुरू झालेला उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम शेजारच्या सातारा जिल्ह्यातही राबवला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून अ‍ॅमलोडिपीनसारख्या गोळ्या मोफत मिळतात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण माणूस केंद्रातली पांढरी गोळी ‘सरकारी’ म्हणून घेतो आणि खासगी डॉक्टरांची रंगीत पाकिटातली ‘बीपीची’ म्हणून घेतो. आत औषध तेच. पाकिटावरच्या मोठ्या नावाकडे बघू नका. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. ब्रँडच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर आत बहुधा अ‍ॅमलोडिपीन असतं, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचं औषध. आप्पांची सकाळची गोळी ‘एएम-एच’ प्रकारची निघाली, तर वेगळी दिलेली अ‍ॅमलोडिपीन दुप्पट होतेय. हे आजच बघा.

गुडघ्याच्या गोळीचं नाव घेतलं त्यालाही कारण आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या औषधासोबत त्या चालू राहिल्या, त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर किडनीला झटका बसतो. बीपी कधी वर, कधी खाली असं दिसण्यामागे पुष्कळदा मेडिकलमधून आणलेलं हे पाकीट असतं.

मग रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि शुगर बघितली असती आणि एक इसीजी काढला असता. लघवीच्या औषधानं वयस्कांचं सोडियम कमी होतं. त्यानं नुसती चक्करच नाही, सुस्ती येते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, तोल जातो. बीपीचे आकडे अगदी छान दिसत असतात आणि सोडियम १२४, म्हणजे फारच कमी, निघतं, हे मी कैकदा पाहिलंय.

यानंतर औषधांत बदल. उभं राहिल्यावर बीपी खरंच पडत असेल, तर टॅमसुलोसिन देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून त्याची गरज किती आणि पर्याय आहे का हे विचारलं असतं. लघवीच्या औषधाचा डोस कमी करता येतो का ते बघितलं असतं, मे महिन्यात तर नक्कीच. महिन्यापूर्वी अ‍ॅमलोडिपीन का वाढवलं तेही विचारलं असतं. ते दवाखान्यात एकदा १६० दिसलं म्हणून वाढवलं असेल आणि घरी सकाळी ११८ असेल, तर कदाचित ती भर लागतच नव्हती. एका वेळी एकच बदल करायचा. अ‍ॅमलोडिपीन शरीरात हळू चढतं आणि हळू उतरतं, डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला आठवडाभर जातो. काल बदललं आणि आज मोजलं, तर त्यातून काहीच कळत नाही.

गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हेही तुम्ही विचारलंय. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या अभ्यासात, २०२२ साली, सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा फरक दिसला नाही. तेव्हा वेळ सोयीची ठेवता येते. फक्त लघवीचं औषध रात्री नको. आप्पांना आधीच प्रोस्टेटमुळे उठावं लागतं, त्यात आणखी दोन फेऱ्या वाढतील. आणि पहाटेचा अंधार, ओला मोरीचा कोपरा, डोळ्यांत झोप, पोटात टॅमसुलोसिन, इतकं सगळं जुळून आलं की माणूस तिथंच पडतो. रात्री खाटेजवळ प्लास्टिकचं भांडं ठेवा. आप्पा आधी नको म्हणतील. दिवा चालू ठेवा. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, मग उभं राहायचं. लघवी बसून करायची, पुरुषांनीसुद्धा.

बसून घ्यायच्या नेहमीच्या मोजणीबद्दल थोडक्यात, कारण तीही नीट हवी. सात दिवस, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर पण चहाच्या आणि गोळीच्या आधी, आणि संध्याकाळी. दोन्ही वेळा मिनिटाच्या अंतरानं दोनदा. अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, बाही गुंडाळून दंडाला आवळलेली नको, बोलायचं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या आत असेल तर बहुतेकांसाठी ठीक. एकेका आकड्यावर गोळी वाढवायची किंवा चुकवायची नाही. सकाळी ११० दिसलं म्हणून आजची गोळी सोडली, उद्या १५० आलं म्हणून दीड घेतली, असं करणाऱ्यांचं बीपी कधीच बसत नाही. वरचा आकडा १०० च्या खाली येत राहिला किंवा उभं राहताना अंधारी येत असेल, तर पुढच्या गोळीच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

उभं राहून मोजलं आणि काहीच उतरलं नाही, तर दुसरीकडे बघावं लागेल. तेव्हा मी पेशंटला चक्कर कशी येते यापेक्षा कधी येते आणि किती वेळ टिकते ते विचारतो. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर माळ्याकडे बघताना घर गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर ते कानाच्या आतल्या कणांचं दुखणं असतं. बीपीचा त्याच्याशी संबंध नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा फिजिशियन डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते अनेकदा एका बैठकीत घालवतात, आणि गोळ्यांपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो. जेवण लांबलं की घाम, थरथर आणि चक्कर, तर त्याच क्षणी शुगर तपासा, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर. बसल्या-बसल्या, काही कारण नसताना अंधारी आली तर नाडी मोजा. ५० च्या खाली असेल किंवा ठोके अनियमित लागत असतील, तर इसीजी त्याच दिवशी. ठोके अनियमित असले की डिजिटल मशीनचे आकडेही वरखाली होतात, तेव्हा लागोपाठ तीनदा मोजून सरासरी घ्यावी. बागेत फवारणीच्या दिवशीच चक्कर येते का, हेही आठवून बघा. फवारणीनंतर चक्करेसोबत लाळ, घाम, उलटी, पोटात कळा, डोळ्यांना धूसर दिसणं असं काही झालं, तर बीपीचं मशीन शोधत बसू नका. कपडे काढून साबणानं अंघोळ घालून, औषधाच्या डब्यासकट दवाखान्यात आणा.

उन्हाळा आणि उपास यांचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात बसवलेला डोस तेव्हा जड पडतो. आषाढी एकादशीच्या आसपास, पालखीसोबत लोणंद-फलटणपर्यंत चालून आलेल्या मंडळींना चक्कर आल्याचे फोन येतात. दिवसभर चालणं, पोटात शेंगदाणे आणि चहा, आणि सकाळी नेमानं घेतलेली लघवीची गोळी. जुलाब-उलट्या लागल्या, तर त्या एक-दोन दिवसांपुरतं लघवीचं औषध आणि टेल्मिसार्टन थांबवायचं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. बहुधा ते थांबवायला सांगतील आणि पाणी-सलाइनकडे लक्ष देतील. पण चक्कर येते म्हणून एरवी रोज मीठ-लिंबू पाणी पाजायचं नाही. आपल्या ठेच्यात, लोणच्यात, पापडात मीठ काही कमी नसतं.

१५६ सारखा आकडा दिसला आणि बाकी काही त्रास नसेल, तर पाच-दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा, एवढंच. जिभेखाली निफेडिपीनची कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ती करू देऊ नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती केव्हाच सोडून दिलेली आहे. घाई करायची ती वेगळ्या वेळी: तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, अचानक चालताच न येणं, छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, काळी शी होणं, किंवा बीपी १८०/१२० च्या पुढे आणि सोबत यातलं काही. तेव्हा १०८ ला फोन करा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. सांगली-मिरजेत ती आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घरी बीपी मोजत, अर्धी-अर्धी गोळी देत बसण्यात तोच वेळ जातो.

राहिला मशीनचा प्रश्न. तुमच्या वर्णनावरून ते बिघडलेलं वाटत नाही. दोन्ही आकडे आपापल्या वेळचे खरे असावेत. तरी खात्री करायची असेल, तर डॉक्टरांकडे जाताना मशीन सोबत न्या. त्यांच्या आणि तुमच्या मशीननं, एकाच हातावर, एक-दोन मिनिटांच्या अंतराने आळीपाळीनं मोजून बघा. पाच अंकांचा फरक चालतो, सतत दहा-पंधराचा असेल तर बदला. पट्ट्याचं मापही बघा. टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड ३४ चा असेल तर तो पट्टा आकडा वाढवूनच दाखवणार, मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा लागतो. दोन्ही हातांचं एकदा मोजा आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच हात कायम वापरा. मनगटावर बांधायचं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. मनगट जरा खाली-वर झालं की आकडा बदलतो, आणि आप्पांच्या बाबतीत आपल्याला नेमका उभं असतानाचाच आकडा हवा आहे.